नळीत नळी: कार्बन नॅनोट्यूबचं फिरतं यंत्र कसं आखायचं

नॅनोट्यूबच्या यंत्रांची चित्रं बहुतेकांनी पाहिलेली असतात: दात्यांची इवलीशी चक्रं, एकमेकांत अडकून गरागरा फिरणारी. १९९७ साली नासाच्या एम्स केंद्रातल्या संशोधकांनी नळ्यांवर बेन्झाइनचे दाते बसवून असे गिअर कॉम्प्युटरवर फिरवून दाखवले आणि ते चित्र सगळ्यांच्या डोक्यात बसलं. पण नवख्याने सुरुवात गिअरपासून करू नये. आधी कॉम्प्युटरवरच एक बेअरिंग, त्यात एक रोटर (फिरणारी आतली नळी) आणि त्याला फिरवणारं एक बाहेरचं बळ एवढंच घ्या. नळीत नळी फिरवणं सोपं आहे. ती आपण सांगू त्या दिशेने, सांगू त्या वेगाने, जागा न सोडता फिरते आहे हे पटवून देणं अवघड. पुढच्या सगळ्या पायऱ्या त्यासाठीच आहेत.

हाताशी काय हवं? अणूंची हालचाल मोजणारं लॅम्प्ससारखं मुक्त सॉफ्टवेअर, चित्रं पाहायला ओव्हिटो किंवा व्हीएमडी, आणि साधा बरा कॉम्प्युटर. इथलं मॉडेल तीनेक हजार अणूंचं आहे, त्याला महासंगणक लागत नाही.

जोडी निवडा: इथे मसावि कामाला येतो

प्रत्येक नळीची ओळख दोन पूर्णांकांत असते, (न, म). मधमाशीच्या पोळ्यासारखी ग्राफीनची, म्हणजे एका अणूइतक्या जाड कार्बनच्या थराची, जाळी कुठल्या दिशेने गुंडाळली ते त्यावरून कळतं. नॅनोमीटरमध्ये व्यास काढायचं सूत्र: ०.०७८३ गुणिले (न² + नम + म²) चं वर्गमूळ. दोन्ही आकडे सारखे असले की ती आर्मचेअर नळी, दुसरा शून्य असला की झिगझॅग, बाकी सगळ्या कायरल.

एकात एक बसणाऱ्या दोन भिंतींमध्ये सुमारे ०.३४ नॅनोमीटर अंतर हवं, ग्रॅफाइटच्या थरांमध्ये असतं तेवढं. याहून फार कमी ठेवलं तर आतली नळी आवळली जाते, फार जास्त ठेवलं तर ती एका बाजूला चिकटून बसते. आर्मचेअर नळीचा आकडा एकाने वाढला की त्रिज्या ०.०६७८ नॅनोमीटरने वाढते, म्हणजे पाचाच्या फरकाने बरोबर ०.३३९. म्हणून (न, न) च्या बाहेर (न+५, न+५) ही जोडी अगदी नेमकी बसते. झिगझॅगमध्ये आठाचा फरक घेतला तर ०.३१३ मिळतं, नऊचा घेतला तर ०.३५२. चालतं, पण नेमकं नाही.

आता पाचाच्या फरकाच्या कितीतरी जोड्या निघतात, त्यातली कुठली घ्यायची? (५, ५) आणि (१०, १०) ही जोडी लेखांमध्ये वारंवार भेटते. (५, ५) च्या टोकावर सी-६० या साठ कार्बन अणूंच्या चेंडूसारख्या रेणूची अर्धी टोपी तंतोतंत बसते, त्यामुळे ती दिसायला देखणी असते. बेअरिंग म्हणून मात्र ती माझ्या पसंतीची नाही. (न, न) नळी स्वतःच्या अक्षाभोवती एका फेऱ्यात न वेळा स्वतःसारखी दिसते. दोन नळ्यांच्या या आकड्यांचा मसावि १ पेक्षा मोठा असला की आतल्या नळीवरचे अनेक अणू एकाच वेळी खाचेत बसतात आणि एकाच वेळी खाचेतून बाहेर यावे लागतात, म्हणजे फिरताना अडथळे जाणवतात. मसावि १ असला की कुणी चढावर असतो, कुणी उतारावर, आणि एकूण बळं जवळजवळ कटतात. लसाविही पाहा. (९, ९) आणि (१४, १४) चा लसावि १२६, तर (१०, १०) आणि (१५, १५) चा फक्त ३०. लसावि जितका मोठा, तितके ऊर्जेचे चढउतार बारीक, आणि त्यांची उंचीही झपाट्याने उतरते. शाळेत कंटाळवाणा वाटलेला हा भाग इथे थेट घर्षण ठरवतो.

तेव्हा आपली जोडी: रोटर (९, ९), व्यास १.२२ नॅनोमीटर, स्टेटर (म्हणजे न फिरणारी बाहेरची नळी) (१४, १४), व्यास १.९० नॅनोमीटर. तुलनेसाठी (१०, १०) आणि (१५, १५) चं जुळं मॉडेलही तयार ठेवा. आकार जवळपास तोच, फरक फक्त मसाविचा.

रोटर जागेवर धरा

या पायरीकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होतं. दोन भिंतींमध्ये व्हॅन डर वाल्स आकर्षण (बंध न जुळताही जवळच्या अणूंमध्ये असणारी हलकी ओढ) असतं, आणि आतली नळी बाहेर ओढली तर ते तिला परत आत खेचतं. जॉन कमिंग्ज आणि अ‍ॅलेक्स झेट्टल यांनी २००० साली बर्कलीत अनेक भिंतींच्या नळीचा गाभा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ओढून सोडून दिला तेव्हा तो आपसूक आत गेला होता. यावरून अनेकजण समजतात की रोटर आपोआप जागेवर राहील. तसं होत नाही. खेच निर्माण होते ती एकमेकांवर आलेली लांबी कमी होते तेव्हाच. आखूड स्टेटरमधून दोन्ही बाजूंनी बाहेर डोकावणारा लांब रोटर पुढेमागे सरकला तरी ती लांबी तेवढीच राहते, मग परत आणणारं बळ येणार कुठून? आर्मचेअर जोडीत अक्षाच्या दिशेने थोडा अडथळा असतो, पण खोलीच्या तापमानाला तो भरवशाचा नाही. असा रोटर हळूहळू भटकत एका टोकाला जातो.

उपाय सोपा आहे. एका लांब स्टेटरऐवजी दोन आखूड स्टेटर घ्या, मधे मोकळी जागा ठेवा, आणि रोटरची टोकं दोन्ही स्टेटरच्या बाहेरच्या कडांशी अगदी समपातळीत आणा. आता रोटर उजवीकडे सरकला की त्याचं डावं टोक डाव्या स्टेटरच्या आत शिरतं आणि तिथली लांबी घटते. डावीकडे सरकला तर उजवीकडे तेच. कुठेही गेला तरी नुकसान, म्हणून तो मधेच राहतो. बळाचा अंदाज बांधता येतो. ग्रॅफाइटच्या थरांची चिकटण्याची ऊर्जा दर चौरस मीटरला ०.२ ते ०.३ ज्यूल धरा, तिला दोन भिंतींच्या मधल्या परिघाने गुणा (व्यास १.५६ नॅनोमीटर), उत्तर १ ते १.५ नॅनोन्यूटन येतं. या आकाराच्या वस्तूला हे भक्कम बळ आहे. मोकळ्या मधल्या जागेत पुढे रोटरचे हात बसवायचे आहेत, हा दुसरा फायदा.

मापं ठरवू. आर्मचेअर नळीची एकक पेशी (लांबीत पुन्हा पुन्हा येणारा सर्वांत लहान तुकडा) ०.२४६ नॅनोमीटर लांब असते आणि तिच्यात ४न अणू असतात. रोटरला ४१ पेशी द्या: लांबी १०.१ नॅनोमीटर, १,४७६ अणू. प्रत्येक स्टेटरला १२ पेशी: २.९५ नॅनोमीटर, ६७२ अणू. मधे सुमारे ४.२ नॅनोमीटर मोकळे.

नळ्यांची उघडी टोकं तशीच सोडू नका. टोकाच्या अणूंचे बंध मोकळे असतात आणि शेजारच्या नळीशी ते खुशाल जोडले जातात, मग बेअरिंगचं झालं वेल्डिंग. हायड्रोजन लावून ती बंद करा.

फिरवायचं कशाने?

पर्याय बरेच सुचवले गेलेत: लेझरच्या फिरत्या विद्युतक्षेत्राचा पीळ (टॉर्क), कायरल नळीतून जाणारा इलेक्ट्रॉनांचा वारा, तापमानातला फरक. कागदावर सगळे आकर्षक आहेत. पहिल्या डिझाइनला मी फिरतं विद्युतक्षेत्रच सुचवेन, कारण त्यात किती पीळ दिला आणि किती वापरला गेला याचा हिशेब स्वच्छ राहतो.

रोटरच्या मध्यभागी समोरासमोर दोन ताठ हात बसवा, प्रत्येकी दीड नॅनोमीटरचे, एकाच्या टोकाला +१ आणि दुसऱ्याच्या टोकाला −१ विद्युतभार. हात स्टेटरच्या कडेपासून निदान एक नॅनोमीटर दूर असू द्या. हाताची लांबी किती हे मनाने ठरवायचं नसतं. दोन भारांमधलं अंतर ४.२ नॅनोमीटर आणि क्षेत्र दर नॅनोमीटरला ०.१ व्होल्ट असेल, तर पकडीची ऊर्जा ०.४२ इलेक्ट्रॉनव्होल्ट येते. ३०० केल्विनला उष्णतेची ऊर्जा ०.०२६ इलेक्ट्रॉनव्होल्ट, म्हणजे पकड तिच्या सोळापट. हात न लावता भार नळीच्याच अंगावर, अर्धा नॅनोमीटर अंतराने ठेवले असते तर पकड जेमतेम दुप्पट राहिली असती आणि रोटर क्षेत्राच्या हातून सतत निसटला असता. क्षेत्र वाढवून भागवता येईल, पण दर नॅनोमीटरला काही व्होल्टच्या घरात नळ्यांच्या टोकांतून इलेक्ट्रॉन बाहेर पडू लागतात. हात लांब करणं बरं.

या बांधणीत जास्तीत जास्त पीळ सुमारे ६७ पिकोन्यूटन-नॅनोमीटर मिळतो. सजीवांच्या पेशींमधली, एटीपी हे पेशींचं इंधन बनवणारी एफ-वन मोटर सुमारे ४० चा पीळ देते, हे लक्षात घेतलं तर आपण भलत्याच प्रदेशात नाही आहोत.

एक इशारा. आर्मचेअर नळ्या धातूसारख्या वागतात, आणि स्थिर भारांच्या साध्या मॉडेलमध्ये त्यांचं ध्रुवीकरण येत नाही. गोल नळीचं आडवं ध्रुवीकरण क्षेत्राबरोबर फिरतं, त्यामुळे त्यातून स्वतःचा पीळ येत नाही. पण हातांच्या टोकांपाशी क्षेत्र किती पोचतं, हा आकडा बदलू शकतो. म्हणून ०.१ हा आकडा अंतिम धरू नका, त्याच्या आजूबाजूलाही चालवून पाहा.

सिम्युलेशन मांडताना

भिंतीच्या आतले कार्बन-कार्बन बंध टर्सॉफ किंवा रेबो घराण्यातल्या विभवाने (अणूंमधली ऊर्जा आणि बळं सांगणाऱ्या सूत्राने) चांगले हाताळले जातात. दोन भिंतींमधल्या आकर्षणासाठी अनेकजण सरसकट लेनर्ड-जोन्स वापरतात, आणि इथेच घर्षणाचं गणित बिघडतं. लेनर्ड-जोन्सने थरांमधलं अंतर आणि चिकटणं ठीक येतं, पण एक थर दुसऱ्यावरून सरकताना लागणारे चढउतार ते फार सपाट दाखवतं. घर्षण ठरतं ते याच चढउतारांनी. भिंतींमध्ये कोल्मोगोरोव्ह-क्रेस्पी विभव वापरा. ते नेमकं या कामासाठी बनलं आहे आणि लॅम्प्समध्ये तयार मिळतं. थोडं हळू चालतं, पण फुकट मिळालेल्या गुळगुळीतपणापेक्षा परवडलं.

कालपायरी १ फेम्टोसेकंद, हायड्रोजन असल्यामुळे ०.५ घेतलीत तर उत्तम. दोन्ही स्टेटर पूर्ण गोठवू नका. गोठवले तर घर्षणाची उष्णता जायला वाट राहत नाही आणि नळीच्या भिंतीची थरथर, जी घर्षणाचा मोठा भाग असते, नाहीशीच होते. प्रत्येक स्टेटरची बाहेरच्या टोकाजवळची एकच पेशी स्थिर ठेवा, तिच्या शेजारच्या दोन-तीन पेशींवर थर्मोस्टॅट (तापमान ठरलेलं राखणारी सॉफ्टवेअरमधली सोय) लावा, बाकीचं मोकळं सोडा. स्थिर आणि थर्मोस्टॅटवाल्या पेशी मधल्या मोकळ्या जागेच्या बाजूला नकोत, तिथे हात फिरणार आहेत.

रोटरवर थर्मोस्टॅट लावायचाच नाही. लँजेव्हिन थर्मोस्टॅट अणूच्या एकूण वेगाला ब्रेक लावतो, त्यात फिरण्याचा वेगही आला. मग तुम्ही मोजता ते घर्षण नळ्यांचं नसून थर्मोस्टॅटचं. दुसरा सापळा तापमानाच्या मोजणीत आहे. (९, ९) नळी १०० गिगाहर्ट्झने, म्हणजे सेकंदाला १०० अब्ज फेऱ्यांनी, फिरली तर तिचे अणू सेकंदाला सुमारे ३८० मीटर वेगाने धावतात. सॉफ्टवेअरने या वेगालाही उष्णता मानलं तर रोटर बसल्या जागी ७० केल्विनने तापलेला दिसतो. फिरण्याचा वेग वजा करून तापमान काढा, लॅम्प्समध्ये त्याची सोय आहे.

आधी हातांसह सगळ्या मॉडेलची ऊर्जा किमान करा, मग क्षेत्र बंद ठेवून ३०० केल्विनला शंभर-दोनशे पिकोसेकंद स्थिरावू द्या. त्यानंतर स्थिर क्षेत्र लावा, रोटर त्याच्याशी जुळला की क्षेत्र फिरवायला लागा. एकदम १० गिगाहर्ट्झवर उडी नको. शून्यापासून १० पर्यंत एका नॅनोसेकंदात सारख्या दराने न्या. रोटरचं जडत्व आघूर्ण (फिरण्याचा वेग बदलायला होणारा विरोध) १.१ गुणिले १० चा उणे ४१ वा घात, एककं किलोग्रॅम आणि मीटर वर्ग. त्यावरून वेग वाढवायला लागणारा पीळ काढला तर तो उपलब्ध पिळाच्या शेकडा एक इतकाच येतो, म्हणजे चढ आरामशीर आहे. हातांमुळे जडत्व थोडं वाढतं, तरीही.

१० गिगाहर्ट्झला एक फेरा १०० पिकोसेकंदांचा, म्हणजे एक लाख कालपायऱ्यांचा. निदान पन्नासेक फेरे होऊ द्या. १ गिगाहर्ट्झवर हेच काम दहापट महाग पडतं. सिम्युलेशनच्या लेखांमध्ये अफाट वेग का दिसतात याचं हे साधं कारण आहे: हळू फिरणारी मोटर पाहत बसायला कॉम्प्युटरचा वेळ परवडत नाही.

तो खरंच फिरतोय का?

आता मुद्द्याचा भाग. वर दिलेल्या जडत्वावरून उष्णतेमुळे होणारी कोनीय थरथर किती ते काढा: उष्णतेची ऊर्जा भागिले जडत्व, त्याचं वर्गमूळ. ३०० केल्विनला उत्तर येतं सुमारे ३ गिगाहर्ट्झ. म्हणजे क्षेत्र बंद असताना, कुणी काही न करता, कुठल्याही क्षणी रोटर या बाजूला किंवा त्या बाजूला सेकंदाला तीन अब्ज फेऱ्यांच्या वेगाने फिरताना सापडेल. तो वेग टिकत नाही, दिशा बदलत राहते, पण ओव्हिटोच्या अर्ध्या मिनिटाच्या चित्रफितीत हुबेहूब मोटर चालल्यासारखं दिसतं. चित्रफीत पाहून निष्कर्ष काढू नका. रोटरचं एकूण कोनीय संवेग भागिले जडत्व असा वेग काढा, कोन साठवत न्या, आणि लांब काळाची सरासरी पाहा.

क्षेत्र चालू असताना सर्वांत उपयोगी मोजमाप म्हणजे मागे पडण्याचा कोन. क्षेत्र पुढे, हात किंचित मागे. त्या कोनाचा साइन गुणिले जास्तीत जास्त पीळ बरोबर घर्षणाचा पीळ. त्याला कोनीय वेगाने गुणलं की वाया जाणारी शक्ती हातात येते. उष्णतेमुळे हा कोन साधारण १४ अंश इकडेतिकडे डोलत राहतो, आणि चांगल्या बेअरिंगमध्ये सरासरी मागे पडणं याहून खूप कमी असतं, म्हणून इथेही सरासरीला धीर लागतो. (१०, १०) च्या जुळ्या मॉडेलवर हेच मोजा. मसाविचा फरक आकड्यात दिसला पाहिजे. दिसला नाही तर आधी भिंतींमधलं विभव तपासा, बहुधा तिथे लेनर्ड-जोन्स राहिलेलं असतं.

दुसरी पद्धत म्हणजे क्षेत्र बंद करून रोटर कसा मंदावतो ते पाहणं. वेगवेगळ्या सुरुवातींनी अनेक वेळा चालवा, कारण एकाच चालीत उष्णतेची थरथर बरीच फसवते. वेगही बदलून पाहा. काही ठरावीक वेगांना रोटरच्या चढउतारांची वारंवारता नळीच्या स्वतःच्या कंपनाशी जुळते आणि घर्षण एकदम उसळतं. डिझाइनमध्ये ते वेग टाळायचे. नळी फुटेल ही भीती मात्र नको. कार्बनच्या बंधांची ताकद पाहता केंद्रोत्सारी ताणाने ही नळी फाटायला हजार गिगाहर्ट्झहून जास्त वेग लागेल, तोवर घर्षण आणि हातांची लवचीकता कधीच आड आलेली असतात.

आणि एक चाल बिनक्षेत्राची, हातांसकट, पूर्ण लांबीची. तिच्यात सरासरी फिरणं शून्य यायला हवं. आलं नाही तर तुमच्याकडे शोध लागलेला नाही, चूक लागलेली आहे. सगळीकडे सारख्याच तापमानात, कुठलंही बळ न देता आतली नळी एकाच दिशेने अखंड फिरते असे सिम्युलेशनचे दावे छापूनही आलेले आहेत. मी ते संशयाने वाचतो. सारख्या तापमानातून सतत काम काढता येत नाही, हा उष्मागतिकीचा दुसरा नियम नॅनोमीटरलाही लागू आहे. अशा वेळी ऊर्जा कुठून तरी शिरत असते: स्टेटरवरचा थर्मोस्टॅट दर पायरीला भरत असतो, किंवा सुरुवातीला ताणलेली रचना सैल होताना सोडत असते. ऊर्जेचा ताळेबंद मांडला की चोर सापडतो.

प्रयोगशाळेकडे जाताना

इथे मसावि बाजूला ठेवावा लागतो, कारण हवी ती जोडी मागवून मिळत नाही. वाढवलेल्या नळ्यांत सगळ्या प्रकारांची सरमिसळ असते, आणि कुठली हाती लागली ते इलेक्ट्रॉन विवर्तनाने नंतर कळतं. म्हणून प्रत्यक्षात बनलेली यंत्रं अनेक भिंतींच्या जाड नळ्यांवर उभी आहेत. २००३ साली झेट्टल यांच्या गटाने दाखवलेल्या मोटरमध्ये अशी नळी शाफ्ट आणि बेअरिंग दोन्ही होती, आणि तिच्यावर काहीशे नॅनोमीटरची सोन्याची पाटी रोटर म्हणून होती.

रीत अशी. विद्युत्-ठिणगीने बनवलेल्या सरळ, कमी दोषांच्या नळ्या घ्या, ऑक्साइडचा थर असलेल्या सिलिकॉनवर पसरा, सूक्ष्मदर्शकाने एक निवडा. इलेक्ट्रॉन किरणांच्या लिथोग्राफीने तिच्या दोन टोकांवर आधार, मधोमध पाटी आणि बाजूंना स्टेटरचे इलेक्ट्रोड धातूत काढा. मग हायड्रोफ्लोरिक आम्लाने खालचं ऑक्साइड खाऊन पाटी मोकळी करा. हे आम्ल त्वचेतून आत शिरतं आणि हाडापर्यंत जातं, त्यामुळे प्रशिक्षित माणसाशिवाय आणि कॅल्शियम ग्लुकोनेट जेल जवळ असल्याशिवाय हात लावायचा नाही. धुतल्यावर उघड्यावर वाळवू नका, पाण्याचा पृष्ठताण पाटीला खाली ओढून कायमची चिकटवतो. क्रिटिकल पॉइंट ड्रायरच वापरा.

या टप्प्यावर पाटी बाहेरच्या भिंतीला घट्ट धरलेली असते, त्यामुळे ती फक्त थोडी पिळली जाते आणि परत येते. मोकळं फिरण्यासाठी पाटी आणि आधार यांच्या मधली बाहेरची भिंत तोडावी लागते. २००३ च्या प्रयोगात जोरदार व्होल्टेजने पाटीला इतका पीळ दिला की ती भिंतच तुटली. दुसरा मार्ग म्हणजे हवेत नळीतून प्रवाह सोडून बाहेरच्या भिंती एकेक करून जाळणं. भिंत गेली की प्रवाह पायरीने घटतो, त्यामुळे किती गेल्या ते मोजता येतं. मला हा दुसरा मार्ग जास्त आवडतो, कारण त्यात हात आवरता घेता येतो. प्रवाहाचा आलेख समोर ठेवा आणि पहिली पायरी दिसताच थांबा. मग पाटी किती कोनाला थांबते ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहा: व्होल्टेज काढल्यावर ती मूळ जागी परतली तर भिंत अजून धरून आहे, जिथे सोडली तिथेच राहिली तर बेअरिंग मोकळं झालं.